कृत्तिकांचा निरोप

मोटारींविषयी लिहिण्याचा आम्हाला अधिकार काय, असे कुणी विचारले तर त्याचे उत्तर आमच्यापाशी नाही. आम्ही दोघे नवराबायको, दोघेही रुग्णसेवेच्या व्यवसायातील. यंत्रशास्त्राचा अभ्यास दोघांपैकी एकानेही केलेला नाही. परंतु घरातली एखादी वस्तू अकरा वर्षे सोबत राहिली आणि मग ती जाणूनबुजून, पूर्ण विचारांती घालवावी लागली, की तिच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. वसईच्या वाचकांपैकी कित्येकांनी आपल्या दारातली बैलगाडी अशीच निरोप देऊन पाठविली असेल. आमची गाडी बैलांची नव्हती, एवढाच काय तो फरक. अंगात शक्ती मात्र २८० घोड्यांची होती.

इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात बॅनबरी नावाचे गाव आहे. २००३ साली नोकरीनिमित्त आम्ही तेथे आलो, तेव्हा ह्या गावाचा शर्यतींच्या मोटारींशी काही संबंध असेल ह्याची आम्हाला कल्पना नव्हती. पुढे कळले की, जगभरच्या रॅलींमध्ये धावणाऱ्या सुबारू इम्प्रेझा ह्या जपानी गाड्या सजविल्या जात त्या ह्याच गावातील प्रोड्राइव्ह ह्या संस्थेच्या कारखान्यात. कॉलिन मॅक्रे हा स्कॉटिश चालक १९९५ साली ह्याच गाडीत बसून जगज्जेता झाला. हा मान मिळविणारा तो पहिला ब्रिटिश चालक. २००१ साली रिचर्ड बर्न्सने आणि २००३ साली नॉर्वेच्या पेटर सोल्बर्गने तोच किताब इम्प्रेझाच्याच साहाय्याने पटकाविला. बर्न्स २००५ मध्ये आजाराने गेला, मॅक्रे २००७ मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात. आणि २००८ संपताना सुबारूनेही जागतिक रॅलीतून अंग काढून घेतले. म्हणजे आम्ही ज्या गाडीच्या प्रेमात पडलो तिचा सुवर्णकाळ आम्ही ती विकत घेईपर्यंत सरलेला होता. तरीही निळ्या रंगाची ती गाडी सोनेरी चाकांवर बाजारपेठेतून गेली की, रस्त्यावरची पोरे अजूनही थांबून पाहत.

'सुबारू' हा जपानी शब्द आहे आणि त्याचा अर्थ कृत्तिका. पाश्चात्त्य लोक ह्या तारकापुंजाला सात बहिणी म्हणतात. आपल्याकडे मात्र कृत्तिका सहाच. योबाच्या ग्रंथातही ह्या पुंजाचा उल्लेख आहे. गाडीच्या नाकावरच्या बिल्ल्यातही सहाच तारे आहेत: एक मोठा व पाच लहान. पाच कंपन्या एकत्र येऊन १९५३ साली एक मोठी कंपनी स्थापन झाली, तिची ती खूण. हे आम्ही आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे नाव तरी आपले आहे."

२०११ साली आम्ही जी इम्प्रेझा घेतली ती पाच वर्षे वापरलेली होती. अडीच लिटरचे, टर्बोचे इंजिन. ह्या इंजिनाची मांडणीच वेगळी. इतर गाड्यांत दट्टे उभे वरखाली हलतात. ह्यात ते आडवे, दोन मुष्टियोद्धे समोरासमोर ठोसे मारावेत तसे डावीउजवीकडे हलतात. त्यामुळे इंजिन बसके होते आणि गाडीचा भार जमिनीजवळ राहतो. जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या सारख्या लांबीच्या नसल्याने तिचा आवाजही सरळ न येता गुरगुरत, अडखळत येतो. हा दोष म्हणावा की गुण, ह्यावर जाणकारांत मतभेद असतील, आमच्यात नव्हते. रात्रपाळी संपवून पहाटे साडेसातला दोघांपैकी एकजण घरी येई, तेव्हा दुसऱ्याला तो आवाज दोन गल्ल्या अलीकडूनच ऐकू येई आणि चहाचे आधण चुलीवर चढे.

इंजिनाची शक्ती चारही चाकांना मिळते ह्याचा अर्थ काय, तो आम्हाला बॅनबरीहून स्ट्रॅटफर्डकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळला. त्या रस्त्यावर सनरायझिंग हिल नावाचा एक उभा घाट आहे. बोर घाटाच्या मानाने तो अगदीच किरकोळ, पण तीव्र चढाचा आणि वळणांचा. ओल्या रस्त्यावर टायरची पकड मर्यादित असते. सगळी शक्ती दोनच चाकांवर टाकली की ती घसरू लागतात. तीच चारांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला झेपेल एवढेच ओझे येते. पावसात त्या घाटाने वर येताना गाडी डोंगराला नखे रोवून चढते आहे असे वाटे. मात्र एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण हौशी मंडळी ती सोयीस्करपणे विसरतात: चारही चाकांची शक्ती गाडीला पळविते, थांबवीत नाही. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. बर्फावर वेग घेणे सोपे झाले म्हणून थांबणे सोपे होत नाही.

आई आमच्याकडे २०१० मध्ये, बाबा गेल्यानंतर, कायमची राहायला आली. तिने आयुष्यभर फुले आणि भाजी दादरला नेली. गाडी चुकली की टेम्पोत, टोपल्यांच्या मधोमध बसून. इम्प्रेझात ती प्रथम बसली तेव्हा तिला वाटेत काही विचारावे असा आम्हाला धीर झाला नाही. घरी उतरल्यावर तिने पदर सावरला आणि म्हणाली, "पोरांनो, आपला टेम्पो ह्याच्यापेक्षा मऊ होता." तरीही रविवारी मिस्साला जाताना पुढची जागा ती कुणाला देत नसे. वेगाचे तिला भय नव्हते. गावी फटफटीवर मागे बसून तिने पापडीचा बाजार केला होता, ह्याची आठवण ती आम्हाला वरचेवर करून देई.

२०२२ च्या वसंत ऋतूत तिची मूत्रपिंडे थकली. वय ७८. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस आणि त्यासाठी सुमारे २५ मैलांवरचे केंद्र. रुग्णांना नेण्याआणण्याची सरकारी सोय असते, पण ती गाडी चार घरे फिरून येते आणि चार घरे फिरून सोडते. आईसारख्या माणसाचा त्यात सबंध दिवस जातो. आम्ही पाळ्या बदलून घेतल्या आणि तिला आम्हीच नेऊ लागलो.

ज्यांनी डायलिसिसचा रुग्ण जवळून पाहिला आहे त्यांना सांगायला नको. रक्त शुद्ध होऊन येते, पण त्याबरोबर अंगातले पाणीही काढले जाते. रक्तदाब उतरतो, डोके हलके होते, पायांत पेटके येतात. आणि अशा अवस्थेतल्या माणसाला आम्ही एका शर्यतीच्या गाडीत बसवीत होतो. तिची आसने खोल, दोन्ही बाजूंना उंच कडा असलेली; वळणावर चालक सरकू नये म्हणून ती तशी केलेली असतात. आईला त्यात बसविणे सोपे होते, बाहेर काढणे कठीण. एकाने काखेत हात घालायचा, दुसऱ्याने गुडघे वळवायचे. रुग्णाला उचलण्याचे शास्त्र आम्ही नोकरीत शिकलो आहोत आणि ते शास्त्र सांगते की असे करू नये. रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकावर ती डोळे मिटून घेई. तक्रार तिने केली नाही. फक्त हातावर जेथे सुई टोचलेली असे, तेथे ती दुसरा हात धरून बसे. चाकाची खुर्चीही मागच्या डिकीच्या अरुंद तोंडातून धड आत जाईना.

पैशाचा हिशोबही होताच. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात साध्या पेट्रोलची सरासरी किंमत लिटरला १ पौंड ९१ पेन्सांवर गेली होती, आणि आमच्या गाडीला लागे ते त्याहून महागाचे. गॅलनला २३ मैल ह्या हिशोबाने केंद्राच्या तीन खेपांना आठवड्याला ३० लिटर पेट्रोल जाई. शिवाय ह्या अडीच लिटरच्या इंजिनांत दट्ट्यांच्या कडा तडकण्याचा एक प्रसिद्ध विकार आहे. आमच्या गाडीला तो जडला नव्हता. पण महामार्गावर, मागे आई असताना तो जडला तर, हा विचार रात्री झोपू देत नसे.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या धर्मग्रामातील एका सद्गृहस्थांनी सात आसनांची मोठी गाडी सुचविली. वसईहून भावाने फोनवर विजेच्या गाडीचा आग्रह धरला. पण आमचे घर सलग चाळीसारख्या ओळीतले, गाडी रस्त्यावर उभी राहते, तेव्हा वीज भरायची कोठून? उंच जीपवजा गाड्या पाहून आलो. आईची उंची पाच फुटांच्याही आत. तिला तेथे शिडी लावावी लागली असती. अखेरीस ज्या गाडीचे दार रुंद उघडते, आसन सपाट असून विजेवर वरखाली होते आणि डिकीत ४८० लिटर सामान मावते, अशी २०१९ ची एक बीएमडब्ल्यू ३३०आय आम्ही पसंत केली. चार दारांची, शांत चेहऱ्याची, करड्या रंगाची. मोठी चाके व कडक स्प्रिंगा असलेली तिची धाकटी बहीणही शेजारीच उभी होती. तिच्याकडे आम्ही पाहिले नाही.

आता वाचक विचारतील, आजारी आईसाठीच गाडी घ्यायची तर २५८ अश्वशक्तीची कशाला? ह्याहून निम्म्या शक्तीची, निम्म्या किमतीची गाडीही तेवढीच मऊ चालते. हे खरे आहे आणि ह्याचे प्रामाणिक उत्तर एकच: हौस. सगळेच सोडून द्यावे अशी आमची तयारी नव्हती. १०० किलोमीटरचा वेग ही नवी गाडी ५.८ सेकंदांत गाठते; जुनीपेक्षा जेमतेम किंचित उशिरा, आणि हे करताना कुणाला कळूही देत नाही. पेट्रोल मात्र ३० लिटरांऐवजी १८ लिटर. सेवेला वैराग्याची जोड हवीच असा आग्रह काही लोक धरतात. आठवड्यातून तीन दिवस, वर्षानुवर्षे, एकाच रस्त्याने आजाऱ्याला नेणाऱ्या माणसाला त्या रस्त्यावर थोडा आनंद मिळाला तर तो रस्ता त्याला जड होत नाही, असे आमचे मत आहे. कर्ज मात्र १३ हजार पौंडांचे झाले.

इम्प्रेझा न्यायला वेल्समधून एक तरुण आला, वडिलांना घेऊन. त्याला आमच्या गाडीची आमच्यापेक्षा अधिक माहिती होती. कागद हातात घेताच त्याने पहिल्या नोंदणीची तारीख पाहिली. इंग्लंडात अधिक धूर सोडणाऱ्या गाड्यांपैकी २३ मार्च २००६ पूर्वी नोंदलेल्यांना कर बराच कमी बसतो. आमची त्याच वर्षीच्या जानेवारीतली. त्याने मान डोलावली आणि मग गुडघे टेकून गाडीच्या पोटाखाली डोके घातले. त्याचे वडील आमच्याशी हवापाण्याच्या गोष्टी करीत होते. आई खिडकीत बसली होती. पैसे बँकेत जमा झाल्याची खात्री झाल्यावर त्याने इंजिन सुरू केले, आणि तो गुरगुराट गल्लीच्या तोंडापर्यंत, मग बाजारापर्यंत, मग रिंग रोडपर्यंत ऐकू येत राहिला. आमच्यापैकी एकजण आत जाऊन भांडी घासू लागला. घासलेलीच भांडी होती ती.

तो ऑक्टोबर होता. डिसेंबरच्या मध्यात कडाक्याची थंडी पडली, आणि काय गमावले ते आम्हाला समजले. बीएमडब्ल्यूची शक्ती फक्त मागच्या चाकांना. आमच्या घरासमोरचा रस्ता अगदी सौम्य चढाचा, पण त्या सकाळी तो काचेसारखा झाला होता. चाके जागच्या जागी फिरली आणि गाडीने शेपूट हलविले. इम्प्रेझाला हा चढ जाणवलाही नसता. केंद्रात साडेआठची वेळ ठरलेली. डायलिसिसची पाळी चुकविता येत नाही. मिस्सा चुकली तर देव समजून घेईल, रक्तातले पोटॅशियम समजून घेत नाही. त्या दिवशी शेजाऱ्यांनी राख आणि खडेमीठ टाकून आमची गाडी वर काढली. दुसऱ्याच दिवशी आम्ही हिवाळी टायर मागविले. साध्या टायरचे रबर तापमान सात अंशांच्या खाली उतरले की कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते आणि त्याच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. वेग घेताना, वळताना आणि, मुख्य म्हणजे, थांबतानाही. आता दर नोव्हेंबरात ते चढतात, मार्चअखेर उतरतात आणि उरलेले महिने आईच्या पलंगाखाली राहतात, कारण घरात दुसरी जागा नाही. पलंगाखाली पूर्वी ती तांदळाचा डबा ठेवीत असे.

नव्या गाडीत एक गोष्ट मात्र आम्हाला अनपेक्षित होती. आई परतीच्या वाटेवर झोपू लागली. इम्प्रेझात ती कधी झोपली नव्हती. तेथे ते शक्यच नव्हते. पहिल्यांदा असे झाले तेव्हा महामार्गावर अंधार पडत होता. मागच्या आसनावर तिची मान कलली होती, तोंड किंचित उघडे होते आणि हाकेला उत्तर येईना. आमच्या व्यवसायात माणूस अशा वेळी नको ते आधी पाहतो. पुढच्या विश्रांतिस्थळावर गाडी वळविली, दार उघडून तिच्या मनगटावर बोटे ठेवली. नाडी लागली. मंद, पण नियमित.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "थांबलात कशाला? चला की."