पदराआडची मिशी

नाटकवाल्यांवर बेतलेल्या विनोदी चित्रपटांविषयी मराठी प्रेक्षकाला जी सलगीची माया वाटते, तिचा उगम शोधायचा तर पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांचे उंबरठे झिजवले पाहिजेत, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूर-इंद्रवेल्लीच्या डोंगरपट्ट्यात, आश्विनी पौर्णिमा उलटल्यावरच्या एखाद्या रात्री ढोलाचा आवाज कोणत्या गुड्यावरून, म्हणजे गोंडांच्या वस्तीवरून, येतो आहे याचा कानोसा घेत जो चालत गेला असेल, त्याला तो उगम तेथेही सापडल्यावाचून राहणार नाही. दंडारी या उत्सवाच्या दिवसांत राजगोंडांचे मेळे सोयरिकीच्या गावी पाहुणे म्हणून जातात. मोरपिसांचा भव्य टोप, राखेने माखलेले अंग आणि खांद्यावर कातडे अशा थाटातले गुसाडी त्यांत असतात, आणि त्यांच्या संगतीला स्त्रीवेष केलेली पोरे असतात, ज्यांना 'पोरिक' म्हणतात. गुसाडी होणे हे व्रत आहे, त्या दिवसांपुरते त्या माणसात दैवत वसते अशी श्रद्धा आहे, आणि या नृत्यासाठी मार्लवाईच्या कनक राजूंना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या जुन्या जिल्ह्याला आपल्याच घरी सन्मान आल्यासारखे वाटले. तेव्हा या सगळ्याला 'नाटक' म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. तथापि रात्र चढल्यावर विनोदी खेळ सुरू होतात, आणि कालपर्यंत गुरे राखणारा पोरगा लुगड्याचा पदर सावरीत मान वेळावू लागतो, तेव्हा जो हशा पिकतो त्यात फसवले गेल्याची भावना औषधालाही नसते. पोर कोणाचे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. त्याची आईच बहुधा पुढे बसलेली असते, आणि सर्वांत मोठ्याने तीच हसत असते.

या हशाचे शहरी, सुविद्य आणि किंचित मिश्कील रूप मला परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त दिसते. २०१० च्या जानेवारीत हा चित्रपट प्रदर्शित झाला, त्यापूर्वीच ऑस्करच्या स्पर्धेसाठी भारतातर्फे तो पाठवला गेला होता, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याच्या पदरी पडला होता. इतके असूनही तो ज्याला लोकप्रिय म्हणतात त्या अर्थाने लोकप्रिय झाला असे म्हणवत नाही. त्याचे चाहते मोजके, पण हट्टी. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला, हा त्याचा विषय. आणि आद्य पुरुषाचे चरित्र म्हटले की जे धूप-दीप, जे डबडबलेले डोळे आणि जे मागून वाजणारे गंभीर वाद्यवृंद आपण गृहीत धरतो, त्यांतले काहीही येथे नाही. रंगभूमीवरून आलेल्या या दिग्दर्शकाने आपल्या पहिल्याच चित्रपटात फाळक्यांना एका उपद्व्यापी, उत्साही आणि घरातली चीजवस्तू हसत हसत विकणाऱ्या गृहस्थाचे रूप दिले. नंदू माधव यांचे फाळके संकटात सापडले की त्यांच्या डोळ्यांत काळजीऐवजी कुतूहल दिसते, आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई त्या कुतूहलाला अशा काही सहजतेने साथ देतात की दारिद्र्य हीदेखील त्या घरातली एक करमणूकच वाटू लागते. चाहते या चित्रपटावर लोभ करतात तो मुख्यतः या अगंभीरपणासाठी. काही अभ्यासू मंडळींनी त्यावरूनच नाक मुरडले, परंतु माझे मत चाहत्यांच्या पारड्यात आहे. दुःखाचा हिशेब मांडणारी चरित्रे आपल्याकडे विपुल आहेत, हौसेचा हिशेब मांडणारे चरित्र मात्र विरळा.

त्यातही चाहते पुन्हा पुन्हा ज्या भागाकडे वळतात तो नटांचा आहे, आणि तेथे इतिहासच इतका विनोदी आहे की दिग्दर्शकाला त्याच्या वाटेतून बाजूला होण्याखेरीज फारसे काही करावे लागले नसेल. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. नाटकात स्त्रीपार्ट करणारे पुरुष होते हे खरे, पण सिनेमात काम करणे हे नाटकात काम करण्याहूनही हलके समजले जात असे. फाळक्यांनी वेश्यावस्तीतही विचारणा करून पाहिली आणि तेथूनही नकार घेऊन ते परतले. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात महिना दहा रुपयांवर राबणारा, नाजूक हातांचा एक आचारी त्यांना दिसला, पंधरा रुपयांचे आमिष त्याला दाखवण्यात आले, आणि अण्णा साळुंके हा तरुण भारतीय पडद्यावरची पहिली राणी झाला. हरिश्चंद्र झाले ते दत्तात्रय दामोदर दाबके, अंगावर रंगभूमीचे संस्कार असलेले; रोहिदास झाला तो फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. एवढी जमवाजमव झाल्यावर खरा खटला उभा राहिला तो मिशांचा. ज्याचे वडील हयात आहेत त्याने मिशी काढणे म्हणजे प्रत्यक्ष बापाच्या मरणाची जाहीर दवंडी. तेव्हा राणीच्या दासी होण्यास राजी असलेली मंडळी वस्तऱ्यापुढे मात्र बंडास उभी राहिली, आणि त्यांची मनधरणी करता करता फाळक्यांची जी दमछाक झाली ती विलायतेहून कॅमेरा आणतानाही झाली नसेल. 'सिनेमात आहे' असे सांगितले तर सोयरीक मोडेल, म्हणून नटांनी 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे' असे सांगावे, ही युक्तीही फाळक्यांचीच. चित्रपटाचे नाव तेथूनच आले. दादरच्या त्या बंगल्यात तलवारी घासणारे, लुगडी नेसणारे आणि स्वयंपाकघरात लुडबुडणारे हे पुरुष पाहताना आपण नटांची चेष्टा पाहत नसतो. एखादी कला जन्माला येताना घरात जो गोंधळ उडतो तो पाहत असतो.

वांगणीचा प्रसंगही फाळक्यांच्या चरित्रातला असाच. बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी आधी पाठवली गेली. तलवारी-भाले घेतलेली ही टोळी पाहून गाव समजले की दरोडेखोर आले, पाटलाने ठाण्यात वर्दी दिली, आणि राजा हरिश्चंद्र सपरिवार फौजदाराच्या स्वाधीन झाला. मागाहून पोचलेल्या फाळक्यांनी फौजदारासमोर कॅमेरा उघडला, सामान दाखवले, फिल्म न भरताच नटांकडून एक प्रवेश करवून घेतला, तेव्हा कोठे सुटका झाली. सत्यवचनी राजाच्या सत्यतेची खातरजमा करण्यासाठी खोटे चित्रण करावे लागले, यातली गंमत कोणत्याही संवादलेखकाला सुचण्यासारखी नाही. अशा तऱ्हेने सहा महिने सत्तावीस दिवसांत जो चित्रपट पुरा झाला, तो ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. मोकाशींच्या चित्रपटाचा यानंतरचा भाग मला उरकल्यासारखा वाटतो; यश आले की विनोद थकतो, असे काहीसे तेथे झाले आहे.

नटांवरच्या विनोदाची दुसरी गादी अर्थात 'अशी ही बनवाबनवी'ची, आणि तिचा दरबार भरायला तिकीट लागत नाही. १९८८ च्या सप्टेंबरात आलेला, सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केलेला, हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला हा चित्रपट मराठी माणसाने पाहिला असे म्हणणे अपुरे आहे; त्याने तो मुखोद्गत केला. बेल्याच्या किंवा तांसीच्या एखाद्या लग्नमांडवात पंगतीला वाढप उशिरा आले, भाड्याच्या खोलीची गोष्ट निघाली, की कोणीतरी संवादलेखक वसंत सबनीसांचे एखादे वाक्य टाकतो आणि पुढचे वाक्य पलीकडच्या पंगतीतून येते. ती वाक्ये येथे उतरवण्याचे प्रयोजन नाही, कारण वाचकाच्या मनात ती एव्हाना सुरू झाली असतील. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या सबनीसांनी या चित्रपटात तमाशातल्या बतावणीची हजरजबाबी लय आणली, हे पुष्कळदा नजरेतून सुटते. परंतु केवळ वाक्यांवर ही भक्ती उभी असती तर तीन-साडेतीन दशके टिकली नसती. सचिनची सुधा सुबक आहे, बाईच वाटावी इतकी नेटकी; लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती मात्र क्षणोक्षणी उसवते, आवाज घसरतो, चाल बिघडते, आणि नाटक कंपनीत पडेल ते काम करणारा परशुराम लुगड्यातून डोकावून पुन्हा आत जातो. प्रेक्षकांचे प्रेम जास्त कोणावर बसले, हे सांगायला नको. दंडारीतल्या पोरिकाच्या आईला जे दिसते तेच येथे दिसते: वेष, आणि वेषाच्या आतला आपला पोरगा, दोन्ही एकाच वेळी.

सरहद्दीवरच्या माणसाला हे दृश्य अधिक जवळचे का वाटावे, याचे कारण त्याच्या रोजच्या रहाटीत आहे. हा मुलूख निजामाच्या अमलाखालचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत याच जिल्ह्याचे राजुरा आणि किनवट हे तालुके नांदेडला जोडले गेले, राजुरा पुढे १९५९ साली चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेला, आणि उरलेले आंध्रात गेले, तेथून २०१४ साली तेलंगणात आले, पुन्हा २०१६ साली जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. दफ्तरे बदलली, फलकांची लिपी बदलली, माणसे होती तेथेच राहिली. जैनदकडचा एखादा कास्तकार कापसाची गाडी घेऊन आदिलाबादच्या बाजार आवारात येतो तेव्हा काट्यावरच्या कारकुनाशी तेलुगूत बोलतो, अडत्याशी दखनीत घासाघीस करतो, वाटेत भेटलेल्या गोंड सोबत्याला रामराम घालून दोन शब्द त्याच्या बोलीतले टाकतो, आणि गाडीत परत बसला की मुलाला मराठीत रागावतो. या प्रत्येक ठिकाणी त्याचा आवाज, हातवारे, क्वचित चेहराही बदलतो. आणि गंमत अशी की समोरच्या प्रत्येकाला हे बदलणे माहीत असते, कोणीही फसत नाही, व्यवहार मात्र पुरा होतो. ज्याने दिवसभर असे चार पार्ट वठवले आहेत त्याला पडद्यावर घाईघाईने पदर सावरणारा नट दिसला, तर तो परका वाटेल कसा? पुण्याचा प्रेक्षक परशुरामाला हसतो. आमच्याकडचा प्रेक्षक हसता हसता त्याच्या बाजूने थोडा घाबरतोही, कारण काट्यावर तेलुगू क्रियापद चुकले तर काय होते याचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. माझी ही कल्पना कोणाला ताणलेली वाटली तर त्यांनी एकदा कापसाच्या हंगामात यावे.

तेलुगू शेजाऱ्यालाही या बाबतीत मागे टाकता येत नाही. नरेश यांनी ज्यात लुगडे नेसले तो 'चित्रम् भळारे विचित्रम्' हा 'बनवाबनवी'च्याच कुळातला. दोन्ही चित्रपट जाणणारे शेजारी एका ओट्यावर बसले की कोणाची बाई सरस यावर वाद रंगतो, आणि तो वाद कोणत्या भाषेत चालला आहे याचे भान दोघांनाही राहत नाही. खरे तर तेलुगू मुलखात सुरभी नाटक मंडळ्यांची परंपरा आहे. १८८५ पासूनच्या त्या घराण्यांत लेकीसुना रंगमंचावर उभ्या राहत आल्या, आणि पुरुषांच्या भूमिकाही त्यांनी केल्या. आमच्याकडे बालगंधर्व स्त्रीहून सुंदर स्त्री होत होते त्या काळात तिकडे बायका मिशा लावीत होत्या. दोन्हींच्या मधोमध राहणाऱ्याला नटाच्या लिंगाविषयी फारसा ठाम आग्रह धरता येत नाही, आणि तो धरीतही नाही. उत्तरेला चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेले तर झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर रात्र रात्र चालतात, वडशाहून मंडळ्यांच्या गाड्या सुटतात, आणि शंकरपटाला जमलेले गाव पहाटेपर्यंत मांडव सोडीत नाही. अशा तीन बाजूंनी नटांनी वेढलेला हा जिल्हा आहे.

राहता राहिला चाहत्यांतला जुना तंटा: 'फॅक्टरी' श्रेष्ठ की 'बनवाबनवी'? एका पक्षाला दुसरा पक्ष अर्धवट शहाणा वाटतो, दुसऱ्याला पहिला अरसिक. 'फॅक्टरी'वाल्यांचा युक्तिवाद असा की त्यांच्याकडे अण्णा साळुंके आहेत, आणि त्यांच्यापुढे कल्पित पार्वती कशी टिकावी? १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये या गृहस्थांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. म्हणजे विरहही त्यांचाच, शोधही त्यांचाच, आणि ज्याने हरवले व जी हरवली ते दोघे एकाच कोऱ्या केलेल्या ओठांचे. पुढे ते कॅमेऱ्यामागे गेले, छायालेखक झाले, आणि इतरांच्या राण्या-दासी कशा दिसतात हे भिंगातून पाहू लागले. या माणसावर स्वतंत्र विनोदी चित्रपट निघाला पाहिजे, ही मागणी मी आमच्याकडे दोन्ही पक्षांच्या तोंडून ऐकली आहे. तो निघाला तर दिग्दर्शक कोण, संवाद कोणाचे, यांवर पुन्हा तंटा होईल, हे उघड आहे. पण आचाऱ्याची राणी होणाऱ्या त्या तरुणाचे काम कोणी करावे, या मुद्द्यावर मात्र 'फॅक्टरी'वालेदेखील, आपल्या पक्षाची शिस्त बाजूला ठेवून, २००४ साली निघून गेलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांचेच नाव घेतात.