रेनकोटची पारख

पावसाळ्यांत कामानिमित्त घराबाहेर पडावेंच लागतें. परंतु पाऊस पाहावयास म्हणून मुद्दाम पावसांतच मोटारसायकलीनें शंभर-दीडशें किलोमीटर जावें, ही हौस आमच्या पिढीस फारशी ठाऊक नव्हती. आतां ती घरोघर शिरली आहे. आमच्या मनवेलपाड्यांतूनच आषाढ-श्रावणांत शनिवारीं पहांटे निघणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकूं येतात. विरार फाट्यावर महामार्गास लागावयाचें, मनोरहून विक्रमगड, जव्हार, मोखाडा करीत त्र्यंबकेश्वर गांठावयाचें, हा त्यांचा आवडता मार्ग. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावलेली वैतरणा त्यांना महामार्गावरच ओलांडावी लागते. पुराणांतील वैतरणी यमद्वारीं आहे, आणि भर पावसांत धांवणारी ट्रकांची रांग पाहिली म्हणजे हें नामसादृश्य मला फारसें रुचत नाहीं.

गेल्या वर्षीं माझ्या पुतणीनें हाच बेत केला. ती आणि तिचे यजमान, दोघांच्या दोन मोटारसायकली. वहिनींचा निरोप आला, "भाऊजी, तुम्ही मास्तर आहांत, तुमचें ती ऐकेल. तिला थांबवा." तीस वर्षांच्या, स्वतः मिळवत्या मुलीस काकानें थांबवावें असें मला वाटेना. मीं इतकेंच कळविलें, कीं रेनकोट घ्यावयास मी बरोबर येईन.

या अटीस कारण होतें. माझा एक जुना विद्यार्थी कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांतील संध्याकाळीं महामार्गावरून घरीं परतत असतां मागून आलेल्या ट्रकाखालीं सांपडला. त्याच्या अंगांत उत्तम प्रतीचा, काळा रेनकोट होता. आंतले कपडे कोरडे होते, असें त्याच्या वडिलांनीं मला सांगितलें. ट्रकवाल्याचें एकच म्हणणें होतें, "दिसलाच नाहीं." तें खोटें असेल असें मला वाटत नाहीं.

दुकानदारानें प्रथम 'श्वास घेणाऱ्या' कापडाची स्तुति आरंभिली. १९६९ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गोर यांनीं टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ ताणून जो सच्छिद्र पापुद्रा सिद्ध केला, त्याच्या कुळांतलें हें कापड. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आंत शिरत नाहीं, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. युक्ति खरोखर सुंदर आहे. परंतु वाफ सुखानें बाहेर पडावयास बाहेरची हवा कोरडी असावी लागते, आणि जुलैंत विरारच्या हवेंत दोरीवरचें धोतर तीन तीन दिवस वाळत नाहीं, हें येथील प्रत्येक गृहिणी जाणते. लडाखास जाणाऱ्यानें त्या कापडास अवश्य पैसे मोजावे. कोंकणांत घाम हा येणारच. १८२३ सालीं चार्ल्स मॅकिंटॉश यांनीं दोन कापडांच्या मध्यें रबराचा लेप देण्याचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून ही अडचण चालत आली आहे. भात लावणाऱ्या बायांचें इरलें या बाबतींत अधिक शहाणें. पाठ झांकतें, खालून व पुढून मोकळें, वारा खेळता राहतो. पण तें वाकलेल्या पाठीसाठीं केलेलें आहे. धांवत्या गाडीवर त्याचा पतंग होईल.

म्हणूनच गुडघ्याखालीं लोंबणारा रेनकोट आणि डोक्यावरून घालावयाचा झगा, हे दोन्ही मीं प्रथमच बाजूस काढले. गाडीचा वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा दाब चौपट होतो. असलें वस्त्र फडफडतें, आणि त्याचा शेव सांखळींत किंवा चाकांत गेला तर पुढचें सांगावयास नको. ओढणीचीही तीच गोष्ट. कोट आणि विजार असा दोन भागांचा, मनगटाशीं व घोट्याशीं आंवळतां येणारा जोड घ्यावा. तो नेहमींच्या जाकिटावरून घालावयाचा असावा. ज्या जाकिटांत जलरोधक अस्तर आंत असतें, त्याचें वरचें कापड पाणी पिऊन जड होतें, आणि जव्हारच्या चढावर, सुमारें दीड हजार फुटांवरच्या वाऱ्यांत, अंग गारठतें. गारठलेल्या बोटांना ब्रेक वेळेवर दाबतां येत नाहीं.

माप उभ्यानें पाहूं नये. मीं पुतणीला दुकानांतल्या स्टुलावर घोड्यावर बसल्यासारखें बसावयास सांगितलें, तेव्हां दुकानांतला मुलगा हंसूं लागला. परंतु उभ्यानें घोट्यापर्यंत येणारी विजार बसतांच चांगली चार बोटें वर सरकली, आणि आम्ही एक माप मोठें घेतलें. पाणी झिरपूं लागतें तें बहुधा कापडांतून नव्हे, शिवणींतून. त्यांतही बैठकीच्या शिवणीवर अंगाचा भार पडत असल्यामुळें तेथून आधीं. आंतून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटविलेली आहे ना, तें पाहावें. घरीं आल्यावर बाहीचें तोंड बांधून तींत पाणी भरावें व तासभर टांगून ठेवावें.

रंगावरून मात्र वाद झाला. पुतणीला काळाच हवा होता.

"काका, पिवळा म्हणजे अगदीं रस्त्यावरच्या कामगारासारखा दिसतो हो! आणि चिखल लागला कीं संपलें."

"कामगाराला तो रंग हौसेनें दिलेला नाहीं, बाळ," मीं म्हटलें.

माणसाच्या डोळ्यास दिवसाच्या उजेडांत हिरवट पिवळा रंग सर्वांत तीव्रतेनें जाणवतो. त्यांतला चकाकणारा प्रकार न दिसणारे अतिनील किरण घेऊन त्यांचा दिसणारा प्रकाश करतो, म्हणून अभ्राच्छादित संध्याकाळीं तो जणूं आंतून पेटल्यासारखा भासतो. अंधारांत मात्र त्याचा उपयोग सरतो; तेथें परावर्तक पट्टी हवी. तिच्यांतील कांचेचे सूक्ष्म मणी दिव्याचा प्रकाश जेथून आला तेथेंच, म्हणजे मागच्या वाहकाच्या डोळ्यांकडे, परत पाठवितात. पट्टी पाठीवर असावी. पाठीवरची सामानाची पिशवी ती झांकणार असेल, तर पिशवीवरही. एवढें सांगून झाल्यावर मीं तिला त्या विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. ती कांहीं वेळ गप्प राहिली, आणि मग दुकानदाराला म्हणाली, "पिवळा दाखवा. दोन."

दोघें त्र्यंबकेश्वर करून रविवारीं रात्रीं परतलीं. मानेपाशीं थोडीं भिजलेलीं, घामानें पुष्कळच. असले जोड ओले असतांना घडी घालून ठेवूं नयेत. बुरशी धरते आणि आंतला लेप सुटूं लागतो. साध्या पाण्यानें धुऊन, उलटे करून, सावलींत वाळवावे. वहिनींनीं ते दोन्ही स्वतः गॅलरींत टांगले, आणि इतका भडक रंग कोणीं निवडला, असें मला विचारलें.