परवान्याची मुदत

स्वयंपाकाला बाई ठेवावयाची झाली म्हणजे आपण तिचें गांव विचारतों, ती पूर्वीं कोणाकडे होती याचा तपास करतों, आणि चार दिवस तिच्या हातच्या पोळ्या खाऊन मग पगार ठरवितों. मुलांच्या शिकवणीस येणाऱ्या मास्तरांची पदवी आपणांस तोंडपाठ असते. डॉक्टरांच्या नांवापुढचीं अक्षरें तर आपण शेजाऱ्यांनाहि ऐकवितों. परंतु जो मनुष्य भिंतींतील तारा उघडतो, ज्याच्या एका जोडणीवर न्हाणीघरांत नळ सोडणाऱ्या मुलाचा जीव अवलंबून राहतो, त्याला बहुतेक घरांतून एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो म्हणजे "किती घेणार?"

कायदा मात्र या बाबतींत इतका निष्काळजी नाहीं. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनीं तीन माणसांची एक सांखळीच घालून दिली होती. काम परवानाधारक ठेकेदारानें घ्यावें, तें सक्षमतेचें प्रमाणपत्र मिळविलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं व्हावें, आणि प्रत्यक्ष तारांना हात लावणाऱ्यापाशींहि स्वतःचा परवाना असावा. पुढें २००३ चा वीज कायदा आला, त्याखालीं केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षाविषयक विनियम झाले, त्यांच्या जागीं २०२३ चे आले; सांखळी तीच राहिली. दिवा, पंखा, फ्यूज, बटण असल्या वस्तु बदलण्यापुरती तेवढी सूट आहे. मध्यमवर्गीय घरांनीं ही सूट रबरासारखी ताणली आहे. बटण बदलावयास आलेला मनुष्य जातां जातां गीझरची नवी तारहि ओढून देतो, आणि ठेकेदार, अहवाल वगैरे लटांबर वाचलें म्हणून यजमान त्याला वर चहा पाजतात. नवी जोडणी घेतांना चाचणीचा अहवाल टाळतां येत नाहीं, तेव्हां कोणाच्या तरी परवान्यावर सही मिळते. सही करणाऱ्यानें तें घर पाहिलेलें असतेंच असें नाहीं.

हा परवाना जन्मभराचा नसतो, त्याला मुदत असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत दोन वर्षें घालवून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेल्या मनुष्याला ही गोष्ट मनापासून पटलेली आम्हीं क्वचितच पाहिली. (तारतंत्री हा सरकारी शब्द आम्हांस आवडतो; पण त्या नांवानें हांक मारल्यास आळींतला एकहि वायरमन मागें वळून पाहणार नाहीं.) आमच्याकडे पुष्कळ वर्षें येणारे एक मिस्त्री आहेत. साठी उलटली, पण बोर्डाला कान लावून कोणता स्क्रू सैल आहे हें सांगणारा हात. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांच्या परवान्याची मुदत संपली आणि ती तशीच संपलेली राहिली. विषय काढला कीं ते हंसत. "साहेब, वीज काय परवाना बघून शॉक देते? चाळीस वर्षं झाली हात घालतोय."

त्यांच्या म्हणण्यांत निव्वळ हट्ट होता असें आम्ही म्हणणार नाहीं. प्रशिक्षणाच्या दाखल्यावर त्यांचें नांव एका तऱ्हेनें लिहिलेलें, आधारपत्रावर दुसऱ्या तऱ्हेनें. तें जुळवावयाचें म्हणजे दोन-तीन खेपा, आणि ज्याला कामावर गेलें तरच मजुरी मिळते त्याच्या दृष्टीनें खेप म्हणजे बुडालेला दिवस. महिन्याचा पगार घेणाऱ्यांनीं अशा मनुष्याला आळशी म्हणावें हें आम्हांस शोभत नाहीं.

परंतु याच मिस्त्रींच्या हातून शेजारच्या इमारतींत जें घडलें, तें ऐकल्यावर मुदतीचा अर्थ आम्हांस निराळा वाटूं लागला. तेथील एका घरीं रोज सकाळीं आरसीसीबी खालीं पडे आणि घरभर अंधार होई. मिस्त्रींना बोलावणें गेलें. त्यांनीं तारा तपासल्या. कोठें शॉर्ट नाहीं, फ्यूज शाबूत, गीझर तापतो आहे. तेव्हां नवें यंत्रच नाजूक आहे असें ठरवून त्यांनीं तें वगळून तारा सरळ जोडून दिल्या. घरांतलीं माणसें खूष झालीं.

ते ज्या काळांत शिकले त्या काळाच्या हिशेबानें हें चूक नव्हतें. त्या वेळीं राखणदार म्हणजे फ्यूज. पण फ्यूज तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. सोळा अँपिअरचा फ्यूज सोळा अँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो. आणि माणसाच्या छातींतून त्याच्या शतांशाहूनहि कमी प्रवाह गेला तरी हृदयाचा ठेका बिघडूं शकतो. आरसीसीबीचें काम निराळें. एका तारेनें गेलेला प्रवाह दुसरीनें पुरता परत आला कीं नाहीं, एवढेंच तो अखंड पाहत असतो. तीस मिलिअँपिअर, म्हणजे त्या सोळा अँपिअरचा पांचशेवा हिस्साहि नव्हे, एवढी तूट पडली कीं घरांत बसविण्याचा आरसीसीबी क्षणार्धांत प्रवाह तोडतो. कारण ती तूट कोणाच्या तरी अंगांतून जमिनींत जात असण्याचा संभव असतो. तो रोज पडत होता याचा अर्थ तो रोज ओरडून कांहीं सांगत होता.

मिस्त्रींचा मुलगा नुकताच वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडलेला. संध्याकाळीं जेवतांना वडिलांनीं ही हकीकत सहज सांगितली, तसा तो ताटावरून उठून मेगर घेऊन त्या घरीं गेला. गीझरच्या कांडीचें वेष्टन फुटलें होतें, आणि अर्थिंगची तार सैल होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिली आंघोळ त्या घरांतल्या सात वर्षांच्या मुलीची असे.

पुढचें आम्हांस मुलाकडून कळलें. वडील रात्रीं बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "तीस मिलिअँपिअर म्हणजे किती रे?" मुलानें चिमटमापी काढून दाखविला, कागदावर आकृति काढली. आठ दिवसांत अर्जहि भरला गेला, नांवांचा घोळ एकदांचा निस्तरला, आणि यथावकाश नव्या तारखेचा कागद हातीं आला.

आतां त्या कागदावर काय आहे? छायाचित्र, क्रमांक, तारीख. त्या रात्रीं मिस्त्री जें शिकले त्याची त्यावर कोठेंच नोंद नाहीं, आणि तें ते शिकले नसते तरी कागद याच रूपाचा दिसला असता. अर्थिंगविषयींचें भारतीय मानक २०१८ सालीं सुधारलें गेलें, घरांतील तारजोडणीचें २०१९ सालीं. राष्ट्रीय वीज संहितेची २०११ नंतरची आवृत्ति २०२३ सालीं निघाली. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत परवाना दरवर्षीं नवा करावा लागतो, आणि त्यासाठीं चार तासांचें शिक्षण घेतल्याखेरीज गत्यंतर नसतें. चार तासांत कोणी पंडित होत नाहीं, कांहीं जण ते डुलक्या घेऊनहि काढीत असतील. तरीहि निदान नवा नियम अमुक सालीं आला एवढें तरी कानांवरून जातें. कागदाचें नूतनीकरण आणि ज्ञानाचें नूतनीकरण या दोन गोष्टींची गांठ कोठें तरी मारलीच पाहिजे असें आम्हांस वाटतें, आणि ती मारण्याचा सगळा भार रोजंदारीवरच्या माणसावर टाकूं नये.

हें आम्ही निकडीनें म्हणतों, कारण घरांतील वीज बदलते आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारची सूर्यघर योजना निघाली, आणि आमच्या आळींतहि गच्च्यांवर काळ्या पाट्या दिसूं लागल्या. मुख्य बटण बंद केलें म्हणजे घर निर्वीज झालें, हा जुन्या मिस्त्रींचा पहिला पाठ. पण सूर्य वर आहे तोंवर त्या पाट्यांकडून येणारी तार जिवंतच असते. शिवाय तो प्रवाह एकदिश. आपल्या नेहमींच्या विजेचा प्रवाह सेकंदास शंभर वेळां शून्यावर येतो, त्यामुळें उडालेली ठिणगी विझावयास सांपडते. एकदिश प्रवाहाची ठिणगी अशी आपोआप विझत नाहीं. हें ज्याला कोणी सांगितलेलें नाहीं, त्याचा चाळीस वर्षांचा अनुभव गच्चीवर त्याचाच घात करूं शकतो. अपघात झालाच, तर २००३ च्या कायद्याच्या १६१ व्या कलमान्वये चौकशी होऊं शकते. परवाना तेव्हां सर्वजण पाहतात.

गेल्या महिन्यांत मिस्त्री आमच्याकडे पंखा पाहावयास आले. आमच्या घरांतून चहाबरोबर विचारणा झाली, "मिस्त्री, परवाना आहे ना आतां?" त्यांना राग येईल असें आम्हांस वाटलें होतें. त्यांनीं हात पुसले, पिशवींतून प्लॅस्टिकमध्यें घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "वहिनी, तारीख वाचा मोठ्यानं." ती वाचून झाल्यावर ते बोर्डाकडे गेले आणि आरसीसीबीवरचें चाचणीचें बटण त्यांनीं दाबलें. घर गप्प झालें. नातवाचें कार्टून मध्येंच तुटलें, आणि तो आंतून ओरडत बाहेर आला. "चालतंय," असें म्हणून मिस्त्रींनीं खटका वर केला, आणि स्टूल मागून घेऊन ते पंख्याकडे वळले.