बेवडाची थकबाकी

चि. बाळ यास,



तुझे पत्र पावले. उसाचा खोडवा मोडून त्या वावरात तू हरभरा पेरलास, उगवणही समाधानकारक झाली, आणि महिना उलटल्यावर मात्र पीक जागोजाग फिकट पडून खुंटल्यासारखे दिसू लागले. तेव्हा बियाणेच भेसळीचे निघाले की काय, असा तुझा प्रश्न. बियाण्यावर ठपका ठेवण्यापूर्वी, ज्या जमिनीत ते पडले तिच्यात मागील पिकाने काय बाकी ठेवली आहे याची चौकशी करावी, असे मी सुचवीन. हरभऱ्याचा बेवड ज्वारीस मानवतो हे आपल्याकडे पोरासोरांसही ठाऊक असते. पण हरभऱ्यालाही कोणाचा तरी बेवड सोसावा लागतो, हे सहसा ध्यानात येत नाही. आणि तुमच्या उसाला हुमणीसाठी बंदी येईपर्यंत फोरेटचे दाणे व पुढे क्लोरपायरीफॉसची आळवणी, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता, हे तूच लिहिले आहेस.

हवेतील नत्र हरभऱ्याच्या वर्गातील पिकांना स्वतः घेता येत नाही. ते घेऊ शकणाऱ्या रायझोबियम जिवाणूस ती आपल्या मुळांवरील गाठींत आश्रय देतात. हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी ही गोष्ट सिद्ध केली आणि 1888 साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढून दाखविला, हे तू शाळेत वाचले असशील. त्याहून महत्त्वाचे हे की, ही गाठ आपोआप बनत नाही. रोपाचे कोवळे मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड जातीची काही द्रव्ये सोडते, ती ओळखून जिवाणू आपले उत्तरादाखलचे द्रव्य सोडतो, ते पोचताच मुळावरील केस वाकडा होतो आणि त्यातून जिवाणू आत शिरतो. हा सारा व्यवहार पेरणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उरकावा लागतो, आणि नेमक्या याच काळात जमिनीतील जुन्या विषाचा त्यास उपसर्ग पोचू शकतो.

अमेरिकेत जेनिफर फॉक्स आणि त्यांचे सहकारी यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत मला फार बोलके वाटतात. त्यांनी लसूणघासावर मेथिल पॅराथिऑन, डीडीटी आणि पेंटाक्लोरोफेनॉल यांचा परिणाम तपासला. जिवाणू मुळापर्यंत येण्यास विलंब लागला, गाठी कमी धरल्या, नत्र बांधण्याचे काम मंदावले आणि अखेरीस रोपांचे उत्पन्नही घटले. ही द्रव्ये जिवाणूतील त्या ग्राहक प्रथिनाच्या कामात अडथळा आणतात, ज्याच्या योगे तो मुळाची साद ओळखतो. दोघे बोलत असता तिसऱ्याने मध्येच गलका करावा, तसा हा प्रकार. जिवाणू मरावाच लागतो असे नाही, रोपही मरत नाही, आणि म्हणूनच हे नुकसान कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तथापि अतिशयोक्ती नको. आपल्याकडे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात हरभरा, मसूर, वाटाणा व मूग यांवर इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल वगैरे औषधे शिफारशीच्या एकपट, दुप्पट व तिप्पट मात्रेत मातीत मिसळून पाहण्यात आली, तेव्हा मात्रा वाढत गेली तसतशी गाठींची आणि रोपांची हानी वाढत गेली. यावरून प्रमाणात दिलेले औषध प्रत्येक शेतात घात करतेच असे ठरत नाही. परंतु 'अंमळ जास्तच पडू दे' या वृत्तीने ओतलेले औषध आणि वर्षावर्षाला त्यात पडणारी भर यांचा प्रश्न निराळा आहे. शिवाय मूळ औषध विघटित झाले म्हणजे प्रकरण मिटले असेही नव्हे. फोरेटपासून होणारे सल्फॉक्साइड व सल्फोन त्याच्याहून अधिक काळ जमिनीत टिकतात, आणि क्लोरपायरीफॉसपासून निघणारा एक उपपदार्थ स्वतःच जिवाणूंस बाधक आहे.

एका पिकावरचे विष पुढच्या पिकास कसे भोवते, याचे जुने उदाहरण बीएचसी या कीटकनाशकाचे. त्याची भुकटी तुझ्या आजोबांच्या वेळी पोत्यांनी येत असे. रेचल कार्सन यांनी 1962 च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे की, अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसावर ती मारल्यानंतर त्याच रानात घेतलेल्या भुईमुगाच्या दाण्यांस कुबट वास व चव येई. आपल्याकडे तिच्यावर बंदी आली ती 1997 साली.

आता प्रत्यक्ष पाहणी. फिकट पट्ट्यातील चार-पाच रोपे आणि हिरव्यागार भागातील तितकीच, खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढ. उपटलीस तर गाठी जमिनीतच राहतील. ढेकूळ बादलीत भिजू दे आणि हलक्या हाताने माती सोडव. हरभऱ्याच्या गाठी भुईमुगासारख्या गोल मण्यांच्या नसून फाटे फुटलेल्या, पोवळ्यासारख्या, मुख्य मुळाच्या वरच्या अंगास असतात. नखाने एक एक चिरून पाहा: आत गुलाबी-तांबूस रंग असेल तर गाठ कामात आहे, पांढुरकी वा राखट असेल तर ती नुसती नावाची, हिरवट असेल तर तिचे दिवस भरले. त्याच वेळी खोडाचा बुंधाही उभा चीर. आत काळपट-तपकिरी रेषा दिसली तर तो मर रोग, आणि माझे हे सारे पुराण तू खुशाल बाजूला ठेव. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून असेल तर लोहाची उणीव समजावी, खालच्या जुन्या पानांपासून असेल तर नत्राची.

नत्राची निघाली तरी युरियाची पोती फोडण्याची घाई करू नकोस, ही माझी आग्रहाची विनंती. पीक पिवळे दिसले की युरिया, हा आपल्या गावचा अलिखित कायदा आहे. पण जमिनीत नत्र मुबलक झाले की मूळ गाठी धरावयाचेच टाळते, आणि पेरणीच्या वेळी हेक्टरी 25 किलो नत्र दिले असता पुढचे रोपाने स्वतः कमवावे अशी जी योजना आहे ती मोडते. हरभरा कसाबसा निघतो, ज्वारीला बेवड लाभत नाही, आणि हा तोटा कोणत्याच दप्तरात चढत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा रकाने आहेत, सामूपासून सेंद्रिय कर्बापर्यंत सर्व काही आहे, मात्र कीटकनाशकाच्या अवशेषासाठी एकही नाही.

पुढील हंगामापूर्वी त्या वावरात चांगले कुजलेले शेणखत घाल, कारण विष फोडून खाणारे जिवाणूही मातीतच असतात आणि त्यांस पोटापाण्याची तजवीज लागते. त्याच बीएचसीतील लिंडेन या घटकावर जगणारा स्फिंगोबियम इंडिकम हा जिवाणू तर भारतात उसाच्याच मुळांजवळच्या मातीत सापडला. बीजप्रक्रियेचा क्रम चुकवू नकोस: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि रायझोबियम सर्वांत शेवटी, दहा किलो बियाण्यास 250 ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यातून, सावलीत सुकवून. पाकिटावरची मुदत वाचून घे. चार तासे मात्र कीटकनाशक न लावता पेर, म्हणजे ताडून पाहता येईल.

रोपे मला टपालाने पाठविण्याचा बेत लिहिला आहेस, तो रद्द कर. वाटेत सुकून सगळ्याच गाठी तपकिरी होतात. तिथेच चिरून रंग लिहून कळव.

तुझ्या आईस नमस्कार.

तुझा,
मामा