वाळवंटातली गमतीची गावे आणि कष्टकऱ्यांचा इतिहास

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती उभ्या राहतात. परंतु नोकरीनिमित्त फिनिक्स शहरी राहणाऱ्या भाच्याने आम्हा उभयतांना मोटारीतून दाखविली ती अमेरिका निराळीच! ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही नैर्ऋत्येची वाळवंटी राज्ये. मैलोन्‌मैल वस्ती नाही. मध्येच एखादे चमत्कारिक छोटे गाव लागते.

पहिला मुक्काम बिस्बी. फिनिक्सपासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ. डोंगर-उतारावर घरांवर घरे आणि त्यांच्यामधून सिमेंटचे लांबलचक जिने. दरवर्षी येथे हजारावर पायऱ्या चढण्याची शर्यत भरते! येथील तांब्याच्या खाणी १९७५ साली बंद पडल्या. आता जुन्या क्वीन खाणीत पर्यटकांना डोक्यावर टोप आणि हाती दिवा देऊन छोट्या गाडीतून आत नेतात. बाहेर रणरणते ऊन आणि आत सुमारे ८ अंश सेल्सिअस!

याच गावात १२ जुलै १९१७ रोजी घडलेली घटना ऐकून मात्र आम्ही सुन्न झालो. योग्य मजुरी मिळावी आणि युनियनच्या माणसांशी भेदभाव होऊ नये, म्हणून खाणकामगार संपावर होते. त्या पहाटे शेरीफच्या सुमारे दोन हजार हत्यारबंद माणसांनी घरोघर धरपकड केली. बाराशेच्या आसपास माणसे गुरांच्या रेल्वेडब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडली! त्यांत मेक्सिकन आणि युरोपातून आलेले मजूर बरेच होते. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नेमलेल्या आयोगाने हे कृत्य बेकायदा ठरविले. शिक्षा मात्र एकालाही झाली नाही. पुढे शंभर वर्षांनी, २०१७ साली, गावकऱ्यांनीच तो प्रसंग गावात पुन्हा उभा केला.

दुसऱ्या दिवशी न्यू मेक्सिकोतील हॅनोव्हरला गेलो. येथे जस्ताच्या खाणीत १९५० च्या ऑक्टोबरात संप झाला. मेक्सिकन वंशाच्या कामगारांना गोऱ्यांपेक्षा हलकी वागणूक मिळे. गोऱ्यांच्या घरांत गरम पाण्याचा नळ होता, यांच्या घरांत नव्हता. जून १९५१ मध्ये न्यायालयाने संपकऱ्यांना खाणीच्या फाटकावर निदर्शने करण्यास मनाई केली. तेव्हा त्यांच्या बायका पुढे आल्या. मनाई कामगारांना होती, बायकांना नव्हती! त्यांच्यावर अश्रुधूर सोडला, मुलाबाळांसह तुरुंगात घातले, तरी त्या हटल्या नाहीत. जानेवारी १९५२ मध्ये संप मिटला. पगार वाढला आणि पुढे घरांत गरम पाणीही आले. या लढ्यावर १९५४ साली ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ हा चित्रपट निघाला. त्यात संपातल्या कामगारांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी स्वतः कामे केली.

तेथून डोंगर ओलांडून रिओ ग्रँड नदीकाठच्या गावी पोहोचलो. याचे नाव ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’, म्हणजे ‘खरे सांगा, नाहीतर परिणाम भोगा’! पूर्वी हे हॉट स्प्रिंग्ज होते. त्या नावाच्या रेडिओ कार्यक्रमाने आपल्या दहाव्या वाढदिवशी ‘आमचे नाव कोणते गाव घेईल?’ असे आवाहन केले. या गावाने १९५० साली ते खरेच घेतले. येथील झऱ्यांच्या गरम पाण्यात बसलो असता सौभाग्यवती म्हणाल्या, “ह्याच गरम पाण्यासाठी तिकडच्या बाया तुरुंगात गेल्या ना?” आम्ही काय बोलणार?

वाचकहो, गमतीची नावे आणि जिने पाहायला लोक या गावांत येतात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. पण बिस्बीच्या लोकांनी आपल्या गावाची लाजिरवाणी गोष्टही झाकून ठेवली नाही, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटले. आपल्या घरीही संप, टाळेबंदी पाहिलेली वडीलधारी माणसे असतील. त्यांना या रविवारी जवळ बसून विचारा आणि ते सांगतील ते मुलांकडून वहीत उतरवून घ्या.