लेकीचा मजला

केनियाच्या किनाऱ्याजवळ लामू नावाचे छोटेसे बेट आहे. तिथले जुने शहर सातशे वर्षांहून अधिक काळ वसलेले. 2001 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. कोकणातल्या मुसलमानांना तो किनारा परका नाही. आपली कितीतरी माणसे पोटापाण्यासाठी मोंबासा-नैरोबीला गेली.

लामूची घरे प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची. छताला खारफुटीचे वासे. वासा पोचेल तेवढीच खोली रुंद, म्हणून खोल्या अरुंद आणि लांबट. भिंती जाड, त्यामुळे आत गारवा. दारातून शिरताच पडवीसारखी जागा, तिला 'डाका' म्हणतात. परका पाहुणा तिथेच बसतो. पुढची वाट वळण घेऊन अंगणात जाते, त्यामुळे रस्त्यावरून आतले दिसत नाही. पर्दा बांधकामातच आहे.

आम्हा तिघी बहिणींना मात्र तिथला एक रिवाज फार भावला. मुलीचे लग्न ठरले की ऐपतदार बाप तिच्यासाठी घर बांधी. जागा नसेल तर आपल्याच घरावर मजला चढवी. कुठे गल्लीवरून पुलासारखी खोली काढून दोन घरे जोडत. तिचे नाव 'विकियो'. मायलेकींना रस्त्यावर न उतरता एकमेकींकडे जाता येई. घर वाढले ते लेकीसाठी.

आमचे गावचे घर जांभ्या चिऱ्यांचे, कौलारू. अम्मी-अब्बांच्या इंतकालानंतर ते बंद आहे. ते पाडून इमारत उभी करायचे दोघा भावांच्या मनात आहे. आम्हाला निरोप आला तो हक्कसोडपत्रावर सही करायला येण्याचा.

सूरह निसामध्ये मुलाला दोन मुलींइतका हिस्सा सांगितला आहे. म्हणजे दोन भाऊ, तीन बहिणी, तर सातातले तीन हिस्से आमचे. ती भावांची मेहेरबानी नव्हे, अल्लाहने ठरवलेला हक्क आहे. भांडण आम्हाला नकोच. पण बहिणींनी हक्क सोडला की अब्बांचे घर उद्याच पडेल, हेही दिसते आहे.

म्हणून आम्ही सही केलेली नाही. भावांना कळवले आहे, पावसाआधी कौले परतून घेऊ, खर्चात आमचा वाटा आम्ही देऊ. पडवीकडच्या दोन खोल्या आमच्या नावे राहू द्या. ईदला पोरेबाळे घेऊन तिथेच येऊ.

उत्तर अजून आलेले नाही. कौले सांगून ठेवली आहेत.