कानातले बोळे

उज्जैनजवळ दताना इथल्या धावपट्टीवरून स्कायडायव्हिंग करायचं मी ठरवलं, तेव्हा आईने रोझरी हातात घेतली आणि बाबांनी "पैसे किती?" विचारलं. आजोबांनी मात्र मेडिकलमधून आणलेले फोमचे दोन बोळे माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, "हे घाल गं."

आजोबा इंदूरच्या एका कापडगिरणीत माग चालवायचे. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचावे लागत. "कान दुखले कधीच नाहीत, म्हणून कळलंच नाही," असं ते सांगतात. आता मिसामध्ये सगळ्यांचं आमेन संपतं आणि मग त्यांचं एकट्याचं येतं. लहानपणी मीही त्यावर हसलेय.

म्हणून या वेळी नीट वाचून काढलं. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तासांची मर्यादा धरतात आणि दर 3 डेसिबलला ती निम्मी होते. उडीत ताशी 200 किलोमीटरच्या आसपास वेगाने वारा कानांवर आदळतो, त्याआधी विमानाची घरघर असतेच. माझी उडी एकच, पण रोज उड्या मारणाऱ्यांचा हिशोब वाढत जातो. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

पण बोळे कसेही कोंबून चालत नाही. खाली येताना हवेचा दाब भराभर वाढतो. बोळा फार घट्ट बसला तर कानाच्या पडद्यावर ताण येऊ शकतो. त्यासाठी बारीक छिद्राचे, हवा हळूहळू आत सोडणारे बोळे मिळतात. माझ्या प्रशिक्षकांनी फोमचे बोळे पाहिले आणि आधी विचारलं, "सर्दी तो नहीं है?" सर्दीत नाकामागची नळी बंद असते, मग दाब सारखा होत नाही. बोळा पिळून बारीक करायचा, कान वर-मागे ओढून आत सरकवायचा, फार खोल नाही, आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचा, हे त्यांनीच दाखवलं. बोळे आहेत म्हणून खुणा खांद्यावर थाप मारून करायच्या, असंही ठरलं.

सुमारे 10,000 फुटांवर दार उघडलं. पुढचा अर्धा मिनिट आठवतो तो नुसता वारा, पण बोळ्यांमुळे जरा लांबून आल्यासारखा. मग पॅराशूट उघडलं आणि एकदम शांत. कान दडपले तसा मी आवंढा गिळत राहिले. टक् करून मोकळे झाले. मागून प्रशिक्षक म्हणाले, "नीचे देखो." ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. त्या क्षणी खाली बघण्याऐवजी मला आजोबाच आठवले.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कसं होतं वर?" एरवी मी ओरडून सांगितलं असतं. त्या दिवशी समोर बसले आणि हळूहळू बोलले, त्यांना ओठ दिसतील असं.

रविवारी मिसात मी माझं आमेन जरा थांबवलं. आम्हा दोघांचं एकदमच झालं.